पाऊल केवढं टाकायचं?

चहाचा कप टेबलावर ठेवला की तो हळूहळू निवतो. दहा मिनिटांनी तो किती गरम असेल, हे आधीच सांगता येईल का? येतं. त्यासाठी न्यूटनचा नियम उपयोगी पडतो: चहा आणि खोली यांच्या तापमानात फरक जितका जास्त, तितका चहा भराभर निवतो.

समजा, चहा ८० अंश सेल्सिअस आहे आणि खोली २० अंश. फरक ६० अंशांचा. आपला कप दर मिनिटाला फरकाच्या एक दशांश इतक्या वेगाने निवतो असं धरू या. म्हणजे आत्ता वेग आहे मिनिटाला ६ अंश. पण चहा निवला की फरक कमी होतो, म्हणून वेगही सतत बदलतो. अशा वेळी संगणक काळाची छोटी पावलं टाकतो, आणि एका पावलापुरता वेग तोच आहे असं मानतो. ही रीत अठराव्या शतकातला गणितज्ञ ऑयलर याच्या नावाने ओळखतात.

१ मिनिटाचं पाऊल टाकून बघू. ८० चे झाले ७४. आता फरक ५४, म्हणून पुढच्या मिनिटाला ५.४ अंश कमी: ६८.६. असं दहा वेळा केलं की उत्तर येतं सुमारे ४१. अचूक उत्तर आहे सुमारे ४२. बरेच जवळ आलो ना?

आता घाई करू. थेट २५ मिनिटांचं पाऊल! ६ गुणिले २५ म्हणजे १५०. ८० मधून १५० गेले, उरले उणे ७०. चहाचा बर्फ झाला! आता तो खोलीपेक्षा ९० अंशांनी थंड, म्हणून मिनिटाला ९ अंशांनी तापणार. पुढचं उत्तर १५५. नियम बरोबर, आकडेमोडही बरोबर, तरी उत्तर भलतंच.

असं का झालं? पहिल्या रीतीत दर पावलाला फरक ०.९ पट होतो, म्हणून तो घटत जातो. दुसऱ्या रीतीत तो उणे १.५ पट होतो, म्हणून चिन्ह बदलत फुगत जातो. आपल्या कपासाठी २० मिनिटं ही सीमा आहे. पाऊल त्याहून मोठं टाकलं की उत्तर हाताबाहेर गेलंच. फरक घटत राहिला तर गणितात त्या रीतीला स्थिर म्हणतात.

हवामानाचा अंदाजही असाच पावलापावलाने काढतात. त्यासाठी नकाशावर चौकटी आखतात. १९२८ साली कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी अशा गणितासाठी एक अट दाखवून दिली. सोप्या शब्दांत ती अशी: एका पावलात लाट एका चौकटीपलीकडे जाता कामा नये. चौकट १० किलोमीटरची आणि लाट सेकंदाला ३०० मीटर जाणारी असेल, तर साध्या रीतीत पाऊल साधारण ३३ सेकंदांहून मोठं चालत नाही.

वादळ कुठे धडकेल आणि कोणती गावं रिकामी करायची, हे अशा आकड्यांच्या आधारे ठरतं. संगणक चुकीचं उत्तरही तितक्याच ऐटीत दाखवतो. म्हणून पाऊल किती मोठं चालेल, हे गणिताने आधीच तपासावं लागतं.

शब्दार्थ
निवणे – गरम वस्तू थंड होणे
दशांश – दहावा भाग
भलतंच – अगदी वेगळं, चुकीचं
ऐटीत – रुबाबात

करून बघा
१. १५ मिनिटांचं पाऊल घेऊन चार पावलं टाका. उत्तर फुगतं की २० अंशांजवळ येतं?
२. चौकट ५ किलोमीटरची केली, तर पाऊल किती सेकंदांचं चालेल?
३. ‘आकडेमोड बरोबर, तरी उत्तर चूक’ हे कसं घडतं, ते घरच्यांना मराठीत समजावून सांगा.