दव, गंज आणि दुर्बिणीची बैठक

दुर्बीण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे भिंग किंवा आरसा उभा राहतो. ज्या बैठकीवर ती उभी असते, त्या माउंटकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः पृथ्वी दर तासाला सुमारे १५ अंश फिरत असल्यामुळे प्रत्येक तारा दृष्टिक्षेत्रातून सतत सरकत असतो. त्याच्या मागोमाग दुर्बीण संथपणे वळवण्याचे काम माउंट करते. त्यातील दातेरी चाके, बेअरिंग आणि आस यांवर गंजाचा पातळ थर चढला, तरी ही गती अडखळते आणि शनीची कडी विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नाहीत. मग भिंग निर्दोष असूनही दुर्बीण निकामी ठरते व कपाटात जाते. शाळेच्या गच्चीवरील दुर्बीण अनेकदा पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आलेली असते. ती पुढच्या पिढ्यांच्या हाती सुस्थितीत पोहोचावी, यासाठी तिचा खरा शत्रू आपण ओळखावयास हवा.

हा शत्रू केवळ पाऊस नव्हे. पाऊस दिसतो, म्हणून आपण त्यापासून बचाव करतो. दव मात्र नकळत येते. हवेचे तापमान २५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २१ अंश असतो. निरभ्र रात्री उघड्यावरील धातू आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतो व भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. त्याचे तापमान दवबिंदूखाली उतरताच त्यावर पाणी जमते. म्हणजेच आकाशनिरीक्षणास उत्तम असलेली रात्रच धातूला भिजवणारी असते.

ताडपत्री घट्ट बांधली की काम झाले, असा समज येथेच चुकीचा ठरतो. ओल्या जमिनीतून व काँक्रीटच्या खांबातून निघणारी वाफ त्या आच्छादनाखाली कोंडली जाते, रात्री थंड धातूवर थिजते आणि तिला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. यास्तव आच्छादन वरून जलरोधक, पण खालून मोकळे असावे. कापड धातूला चिकटू नये व हवा खेळती राहावी. उन्हाचे दिवस असतील तेव्हा ते काढून माउंट वाळू द्यावे.

आच्छादनाखाली किंचित ऊब ठेवणे हा याहून प्रभावी उपाय होय. हवा २० अंशांवर असून आर्द्रता ९५ टक्के असेल, तर ती केवळ ३ अंशांनी तापवताच आर्द्रता सुमारे ७९ टक्क्यांवर येते. यासाठी १२ व्होल्टवर चालणारी, अल्प वॅटची तापनपट्टी पुरते. घरगुती विजेचा दिवा ओल्या जागी लावणे धोक्याचे असल्याने तो टाळावा. सिलिका जेलच्या पुड्या बंद पेटीतच उपयोगी पडतात; खालून उघड्या आच्छादनात त्या लवकरच ओलावून निरुपयोगी होतात.

आता धातूंचा स्वभाव पाहू. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, संरक्षक थर आपोआप तयार होतो. खाऱ्या हवेतील क्लोराइड हा थर भेदते. म्हणून कोकण किनाऱ्यावर माउंटची निगा अधिक काटेकोरपणे घ्यावी लागते. तेथे गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने ते पुसावे व लगेच कोरडे करावे. अॅल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस स्टीलचा स्क्रू असेल आणि दोहोंमध्ये ओल शिरली, तर तेथे जणू एक लहानशी विद्युतघटमाला तयार होते. त्यात अॅल्युमिनियम झिजते, आट्यांत पांढरी भुकटी साचते आणि स्क्रू अडकून बसतो. तो बसवतानाच आट्यांवर ग्रीसचा पातळ लेप द्यावा, म्हणजे पाण्यास वाव राहत नाही. गिअरवर निर्मात्याने सांगितलेलेच वंगण, तेही माफक लावावे. जादा ग्रीस धूळ ओढून घेते.

विजेच्या जोडण्यांबाबतही दक्षता हवी. नियंत्रकपेटी काम संपताच काढून घरात न्यावी. तारा जोडणीपूर्वी खाली झुकवून मग वर घ्याव्यात, म्हणजे पाणी त्या झोळातूनच ठिबकून जाते. दवाने भिजलेले माउंट लगेच पेटीत बंद करू नये; पुसून, खोलीत उघडे ठेवून, पूर्ण वाळल्यावरच झाकावे.

जून ते सप्टेंबर या काळात माउंट उतरवून घरात ठेवणेच श्रेयस्कर. पुण्याच्या आयुका संस्थेची गिरवली येथील २ मीटर व्यासाची दुर्बीणदेखील पावसाळ्यात निरीक्षणे थांबवते. मग आपल्या लहान उपकरणाला सक्तीची रजा देण्यात कमीपणा कसला? मात्र या रजेत महिन्यातून एकदा दोन्ही आस हाताने सावकाश फिरवावेत, गंजाचे ठिपके पाहावेत आणि नोंदवहीत तारीख लिहावी.

ही नोंदवही विद्यार्थ्यांच्याच हाती असावी, असे आम्हांस वाटते. जो विद्यार्थी स्क्रू पुसतो, आस फिरवून पाहतो, त्याला दवबिंदू म्हणजे काय हे पुस्तकाबाहेरही कळते. शिवाय जे उपकरण नित्य हाताळले जाते, त्यातील दोष वेळीच ध्यानात येतात. कुलपात विसरलेल्या उपकरणाचे दोष तपासायला तिकडे कोणी फिरकतच नाही. दुर्बीण देणाऱ्यांनी दान दिले, की त्यांचे काम संपते. ते दान टिकवण्याचे काम मात्र दरवर्षी नव्याने करावे लागते, आणि ते आपल्या सर्वांचे आहे.