ताटली वाजली तरी कान दुखतो तेव्हा

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातील पुष्कळ माणसे यंत्रमागावर आहेत. धोट्याच्या मागाजवळ आवाज सुमारे १०० डेसिबल भरतो. असा माणूस पेरणीला गावी येतो तेव्हा कधी ताटली पडली, मिस्साची घंटा वाजली, तरी कळवळतो. घरचे म्हणतात, नखरे! आम्हीही पूर्वी तसेच समजत होतो. पण ते दुखणे खरे असते.

मात्र दिवसभर कान बुजवून बसू नये. त्याने कान अधिकच हळवा होतो. रबरी बोळे मागाजवळ किंवा बँडपुढेच घालावेत. कापसाने आवाज फारसा अडत नाही. घरी पंखा, हलका रेडिओ चालू ठेवावा, आवाज सोसेल तसा हळूहळू वाढवावा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे श्रवणतपासणी करून घ्यावी. तोवर कानात तेल घालू नये.