पाणी मुरू देऊ नकोस, माणूस हलू देऊ नकोस

अगं, दादाचा कोथरूडचा फ्लॅट आता तुझ्या नावावर झाला आणि तू राहणार बंगळुरूला, म्हणजे तो भाड्यानेच जाणार. भाडं किती येईल ते एजंट सांगेल. त्यातलं हातात किती उरेल, ते आत्याकडून ऐक. माझा सगळा हिशोब दोन गोष्टींत बसतो: भिंतीत पाणी मुरू द्यायचं नाही आणि चांगला भाडेकरू हलू द्यायचा नाही. बाकी नळ, बल्ब, कड्या-कोयंडे ही चिल्लर.

पेंटरच्या आधी प्लंबर

घर भाड्याने द्यायचं ठरलं की लोक आधी रंगाचं बघतात. तू आधी बाथरूमचं बघ. नहाणीच्या जाळीत बोळा घाल, जमिनीवर दोन बोटं पाणी साठव, एक दिवस तसंच ठेव आणि मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत पाहून ये. ओल दिसली तर घर रिकामं आहे तोवरच काम उरक. बऱ्याचदा फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट झिजलेलं असतं. ते खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं की भागतं. दुर्लक्ष केलंस तर पुढे फरशी उखडून कोबा नव्याने करावा लागेल, वर खालच्यांच्या छताचा गिलावा आणि रंगही तुझ्याच माथी येईल. आणि तेवढे दिवस भाडेकरूने आंघोळीला जायचं कुठे?

प्रत्येक नळाच्या, फ्लशच्या आणि गीझरच्या मागे अँगल कॉक असलाच पाहिजे. एक नळ बिघडला तर तेवढाच बंद करता येतो; रात्री अकराला प्लंबरच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. फ्लशची टाकी भिंतीबाहेरची ठेव. भिंतीत गाडलेली दिसते छान, पण बिघडली की कधी कधी टाइल फोडायची वेळ येते. नळ घेताना नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे ज्याचे सुटे भाग मिळतात, तोच घे.

ओट्याखाली प्लायवुड नको

मॉड्युलर किचनचा हट्ट सोड. सिंकखालची गळती कुणाच्या लक्षात येण्याआधी साधं प्लायवुड फुगतं आणि मागोमाग वाळवी येते. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे घाल. ते कुजत नाहीत, वाळवी त्यांना खात नाही आणि पुसले की स्वच्छ. दारं हवीच असतील तर आयएस 710 शिक्का असलेलं मरीन प्लाय वापर.

वस्तूंचंही तसंच. पंखे, दिवे, गीझर आणि एक कपाट एवढं पुरे. तू दिलेली प्रत्येक वस्तू दुरुस्त करून देणं तुझ्याकडे येतं. वॉशिंग मशीन आणि पाण्याचा फिल्टर भाडेकरू स्वतःचा आणतो आणि स्वतःच सांभाळतो. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर गीझरमध्ये क्षार साचतात, म्हणून दरवर्षी दिवाळीआधी तो उघडून साफ करून घे आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदल. रॉड स्वस्त असतो, टाकी फुटली की गीझरच नवा घ्यावा लागतो.

एका ठिकाणी मात्र काटकसर करायची नाही, ती म्हणजे वीज. करंट गळला की वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे आणि घर ताब्यात देण्यापूर्वी त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहा. तिथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे.

मे महिन्यातली फेरी

वर्षातून एकदा मे महिन्यात भाडेकरूला आधी कळवून घरात फेरी मार. तुला जमलं नाही तर मी जाईन. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात. ती धुळीने बुजली की पावसाचं पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. जुन्या टूथब्रशने पाच मिनिटांचं काम आहे. छज्ज्यावरचा पाला काढ, भिंतीला फटी असतील तर बुजव. भिंतीवर लोणा आला असेल, पोपडे सुटले असतील, तर त्यावर रंग फासू नकोस. आधी पाणी कुठून येतंय ते शोध, भिंत सुकू दे आणि रंगाचं काम दिवाळीनंतर काढ. सगळ्या खोल्यांना एकच फिकट रंग दे. त्याचा शेड नंबर लिहून ठेव आणि उरलेला डबा घट्ट बंद करून माळ्यावर टाक. पुढच्या वेळी डागापुरता हात फिरवला की झालं.

सोसायटीचं काम सोसायटीकडून

तुझा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून छताचा गिलावा खराब झाला, तर आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती सोसायटीने करायची असते. बाहेरच्या सामाईक पाइपांची गळतीही सोसायटीचीच. तोंडी सांगू नकोस. फोटो जोडून सेक्रेटरींना लेखी अर्ज दे आणि पोच घे. बिलही वाचत जा. भाड्याने दिलं म्हणून लावतात ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. 2001 पासून राज्य सरकारचा तसा आदेश आहे. आणि बिल वेळेवर भर, कारण थकबाकीवर सोसायटी व्याज लावू शकते.

सगळ्यात महाग दुरुस्ती म्हणजे रिकामं घर

समज, भाडं 25,000 आहे. भाडेकरू गेला, घर महिनाभर रिकामं राहिलं, 25,000 गेले. नव्या भाडेकरूसाठी एजंटला एक महिन्याचं भाडं, आणखी 25,000. वर रंग आणि साफसफाई. आता दुसऱ्या बाजूने बघ. नीट राहणाऱ्या कुटुंबासाठी महिन्याला 1000 ची वाढ सोडलीस तर वर्षाचे जातात 12,000. कुठला सौदा स्वस्त, ते तूच ठरव.

करार लांब मुदतीचा कर. 11 महिन्यांचाच असावा असं काही नाही, लिव्ह अँड लायसन्स 60 महिन्यांपर्यंत करता येतो. करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावरच टाकली आहे, मुदत किती का असेना. मग 11-11 महिन्यांनी पुन्हा खर्च कशाला? तीन वर्षांचा कर आणि दरवर्षीची वाढ त्यातच लिही. दोघांनाही सोडायला एक-दोन महिन्यांची नोटीस ठेव.

करारात आणखी दोन ओळी हव्यात. पहिली: 1000 रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची, त्यावरची आणि भिंतीतल्या पाइप-वायरींची मालकाची. काहीच लिहिलं नाहीस तर घर राहण्याजोगं ठेवणं कायद्याने तुझ्याकडेच येतं. दुसरी: सामानाची यादी, दोघांच्या सह्यांसकट. किल्ली देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढ आणि त्यांनाही पाठव, म्हणजे अनामत परत करताना वाद होत नाही.

आणि पहिल्याच दिवशी भाडेकरूला सांग, "गळती दिसली तर त्याच दिवशी कळवा, पैसे मी देईन." बोल लागेल किंवा अनामतीतून कापून घेतील, या भीतीने भाडेकरू गप्प बसतात आणि तेवढ्यात पाणी भिंत खातं. फोन आला की कुरकुर न करता माणूस पाठव. शेजारच्या दुकानदाराला विचारून एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन पक्का कर आणि त्यांचे पैसे कधी अडकवू नकोस. पैसे वेळेवर मिळाले की बोलावल्यावर माणूस येतो.

राहिला हिशोब

आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा झाला की उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, खरा खर्च कितीही होवो. त्यामुळे दुरुस्ती कमी झाली तर बचत तुझी आणि जास्त झाली तर तोटाही तुझाच. म्हणून दरवर्षी एका महिन्याचं भाडं वेगळ्या खात्यात टाक आणि दुरुस्ती त्यातूनच कर. कुठलं काम लांबवावं आणि कुठलं आज करावं असा प्रश्न पडला, तर त्यात पाणी किंवा वीज आहे का एवढंच विचार. असेल तर आजच. नसेल तर मे महिन्यापर्यंत थांबायला हरकत नाही.