नॉझलच्या गळ्याला आधी हवा

सच्छिद्र भिंतीतून थंड हवा झिरपवून स्वनातीत नॉझल गार ठेवता येते. सतीश धवनांनी १९५०च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्वनातीत विंड टनेल उभारले. त्याच शहरातल्या विद्यार्थ्यांसाठी ही कृती.

अर्धे नॉझल घ्या: एक भिंत वक्र, समोरची सपाट. सपाट बाजूला सिंटर केलेल्या स्टेनलेस स्टीलची पट्टी बसवायची आहे. तिला मिलिंग लावू नका, धातू पसरून छिद्रे बुजतात. पीण्या औद्योगिक भागातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये वायर-कट करून घ्या.

आता दाब ठरवा. बंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर, म्हणून बाहेरचा दाब ०.९१ बार. माख २चा झोत त्याच्याशी जुळायला टाकीत ७.१ बार निरपेक्ष दाब पुरतो, मुंबईत ७.९ लागले असते. गळ्याशी, म्हणजे सर्वात अरुंद जागी, ३.८ बार उरतात, बाहेरच्या मुखाशी ०.९.

खरी अडचण इथेच आहे. पट्टीमागे ४.५ बारचा एकच कप्पा ठेवला, तर मुखाशी गळ्याच्या तिपटीहून जास्त हवा झिरपते, कारण हा प्रवाह दाबांच्या वर्गांतल्या फरकावर ठरतो. उष्णता मात्र गळ्यालाच सर्वाधिक लागते. म्हणून पट्टीचे तीन तुकडे करा, त्यांच्या कडा उष्णता सोसणाऱ्या एपॉक्सीने बंद करा आणि प्रत्येकामागे वेगळा कप्पा, रेग्युलेटर, फ्लोमीटर द्या. हा खर्च वाचवू नये.

तुकडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून मागून हवा सोडा. बुडबुडे सगळीकडे सारखे यायला हवेत. अल्कोहोल पूर्ण उडाल्यावरच झोत तापवणाऱ्या हीटरजवळ जा. के-टाइप थर्मोकपल मागच्या बाजूने, गरम पृष्ठाच्या अगदी जवळ बसवा.

हवा कोरडी घ्या. कानात प्लग, डोळ्यांवर गॉगल. थंड हवा आधी, मग मुख्य झोत, शेवटी हीटर ४०० केल्विनपर्यंत. बंद करताना उलट क्रम. थंड हवेचा प्रवाह दर क्षेत्रफळामागे झोताच्या अर्ध्या टक्क्यापासून सुरू करून एक टक्क्यापर्यंत हळूहळू वाढवा. त्यापुढे सीमास्तर फुगतो, वाट अरुंद होते आणि मुखाशी माख अंक उतरतो.

एकाच थर्मोकपलचे तापमान चढू लागले, तर हीटर लगेच बंद करा, थंड हवा चालू ठेवा. तापलेल्या वायूची श्यानता वाढते, त्या जागी झिरप घटते, जागा आणखी तापते. ४०० केल्विनला हे निभावते. रॉकेटमध्ये भिंत जळते.

थंड हवेची परिणामकारकता काढताना भिंतीचे संदर्भ तापमान ४०० धरू नका: गळ्याशी सुमारे ३९३, मुखाशी ३८० केल्विन घ्या. त्यातून भिंतीचे मोजलेले तापमान वजा करा आणि त्या फरकाला संदर्भ व थंड हवा यांच्या फरकाने भागा. तिन्ही तुकड्यांचे आकडे वेगवेगळे नोंदवा.