बिझनेस हॉटेल : सोय आणि तिचे मोल

दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळालगत एरोसिटीत उच्च दर्जाची अनेक बिझनेस हॉटेले एकाच परिसरात आहेत. वेळेची बचत हे त्यांचे प्रमुख बलस्थान. एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोमुळे नवी दिल्ली स्थानकही वाहतूक कोंडीविना गाठता येते. सुसज्ज सभाकक्ष आणि शांत खोली यांमुळे प्रवासी ताजातवाना होऊन बैठकीस जातो.

उणिवा मात्र बिलात दडलेल्या असतात. खोलीचे भाडे मागणीनुसार बदलते. मोठ्या परिषदांच्या दिवसांत ते चढते. त्यातच, २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे ७,५०० रुपयांची खोली ७,८७५ रुपयांना आणि ९,००० रुपयांची १०,६२० रुपयांना पडते. भाड्यातील दीड हजारांचा फरक प्रत्यक्षात २,७४५ रुपयांचा होतो. हा कर निम्मा केंद्राचा व निम्मा दिल्लीचा असल्याने, केवळ महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कोल्हापूरच्या उद्योजकास त्याची वजावट मिळत नाही.

आगमनाच्या वेळी अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम रोखून ठेवण्याची पद्धतही आहे. डेबिट कार्ड दिल्यास खात्यातील तेवढे पैसे अडकतात आणि ते मोकळे होण्यास काही दिवस लागू शकतात. त्याच सुमारास कर्जाचा हप्ता असेल, तर तो चुकण्याचा धोका संभवतो. अशा वेळी क्रेडिट कार्ड देणे श्रेयस्कर.

वाचलेला वेळ आणि करासह होणारा एकूण खर्च यांचा ताळमेळ घालूनच हॉटेलची निवड करावी.