साखळी एकाच जागी का ओढते?

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हे गाव लागते. वज्रेश्वरी-गणेशपुरीचा फाटा इथूनच फुटतो. या नाक्यावर थोडा वेळ उभे राहिलात, तर दुधाचे कॅन, भाजीची पोती किंवा शेतीचे सामान घेऊन जाणाऱ्या मोटारसायकली दिसतील. उन्हाळ्यात त्या धुळीतून धावतात, पावसाळ्यात चिखलातून. इंजिन कितीही चांगले असले, तरी त्याची शक्ती मागच्या चाकापर्यंत नेते ती साखळी. गॅरेजमध्ये तिला चेन म्हणतात आणि ती ज्या दातेरी चाकांवरून फिरते त्यांना स्प्रॉकेट. आपण त्यांना दंतचक्रे म्हणू.

साखळी झिजणारच. पण कधी कधी ती सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक हाताने फिरवले, की एका जागी साखळी लोंबते आणि थोडे पुढे गेल्यावर ताठ होते. ‘चेन ढिली झाली’ म्हणून ती नुसती ओढून घेतली, तर थोड्याच दिवसांत कटकट आवाज पुन्हा सुरू होतो. मग दोष कोठे आहे? साखळीत, पुढच्या दंतचक्रात की मागच्या? हे दंतचक्रे न काढताही ओळखता येते. त्यासाठी लागतो खडूचा तुकडा, एक पट्टी आणि थोडे गणित.

साखळी ‘ताणते’ म्हणजे काय?

जुनी साखळी लांब होते हे खरे. पण तिचे लोखंड रबरासारखे ताणले जाते, असे समजू नका. साखळीत दोन प्रकारच्या कड्या एकाआड एक असतात. आतल्या कडीच्या दोन पट्ट्या दोन पोकळ नळ्यांवर घट्ट बसवलेल्या असतात. या नळ्यांना बुश म्हणतात. बुशवर सैल फिरणारा रोलर असतो. बाहेरच्या कडीच्या पट्ट्या दोन पिनांवर घट्ट बसवतात आणि प्रत्येक पिन शेजारच्या बुशमधून जाते. साखळी दंतचक्रावर वळताना पिन बुशमध्ये थोडी फिरते. तिथेच घर्षण होते आणि तिथेच झीज होते.

हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८८० साली ही बुश-रोलर साखळी तयार केली. त्याआधीच्या साखळीत पिनेचा भार कडीच्या पातळ पट्टीवर येई. बुशमुळे तो मोठ्या पृष्ठभागावर पसरला आणि झीज पुष्कळ कमी झाली. आजच्या मोटारसायकलची साखळी याच रचनेची आहे.

आता मोजून पाहू. लहान गाड्यांपैकी पुष्कळांत दोन पिनांमधले अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते. याला पिच म्हणतात. पहिल्या पिनेपासून एकविसाव्या पिनेपर्यंत २० पिच होतात. नव्या साखळीत हे अंतर २५४ मिलिमीटर भरेल. समजा, जुन्या साखळीत ते २५९ भरले. वाढ ५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ २ टक्के. प्रत्येक सांध्याच्या वाट्याला फक्त पाव मिलिमीटर झीज आली! पण तेवढ्याने साखळी दात्यांच्या खाचेत नीट बसेनाशी होते आणि दात्यांवर वर चढू लागते. दाते एका बाजूने झिजून आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात. अशी साखळी भरधाव वेगात घसरली किंवा तुटून चाकात अडकली, तर चालक रस्त्यावर फेकला जाऊ शकतो.

हेच माप साखळीच्या तीन-चार ठिकाणी घ्या. सगळीकडे सारखे आले, तर झीज सारखी आहे. एका ठिकाणी २५५ आणि दुसऱ्या ठिकाणी २५९ आले, तर झीज असमान आहे.

खडूची खूण काय सांगते?

हा प्रयोग मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करा. इंजिन बंद हवे, किल्ली काढलेली हवी आणि गाडी न्यूट्रलमध्ये डबल स्टँडवर उभी हवी. साखळी आणि दंतचक्र यांच्या मध्ये बोट कधीही जाऊ देऊ नका. चाक टायरला धरून सावकाश फिरवा.

समजा, आपल्या गाडीच्या पुढच्या दंतचक्राला १४ दाते आहेत, मागच्याला ४२ आणि साखळीला १०४ कड्या. साखळीचे कव्हर काढा. साखळी सर्वांत ताठ होईल तिथे चाक थांबवा आणि टायरवर खडूने खूण करा. आता चाक फिरवत राहा आणि साखळी पुन्हा ताठ कधी होते ते मोजा.

चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदा ताठ होत असेल, तर दोष मागच्या दंतचक्रात आहे. ते वाकलेले असेल किंवा मध्यापासून सरकून बसले असेल.

चाकाच्या एका फेरीत तीनदा ताठ होत असेल, तर दोष पुढच्या दंतचक्रात आहे. कारण ४२ भागिले १४ म्हणजे ३. मागचे चक्र एकदा फिरते तेव्हा पुढचे तीनदा फिरते.

चाकाच्या सुमारे अडीच फेऱ्यांनंतर ताठ होत असेल, तर दोष साखळीतच आहे. १०४ भागिले ४२ म्हणजे जवळजवळ अडीच. एवढ्या फेऱ्यांत साखळीची एक फेरी पूर्ण होते.

दोष दिसतो तेवढा पुरत नाही. तो किती वेळाने परत येतो हे मोजले, की तो कोठे आहे ते कळते.

मसावि इथेही उपयोगी पडतो

साखळीतली एक कडी गंजून गच्च झाली आहे असे धरा. ती पुढच्या चक्राच्या किती दात्यांवर बसेल? कड्यांची संख्या आणि दात्यांची संख्या यांचा मसावि काढा आणि दात्यांच्या संख्येला त्याने भागा. १०४ आणि १४ यांचा मसावि २ आहे. म्हणून ती कडी १४ पैकी ७ दात्यांवरच बसेल, म्हणजे एक सोडून एक. चक्राला १५ दाते असते, तर मसावि १ आला असता आणि त्रास सर्व १५ दात्यांत वाटला गेला असता. पण १३ दाते असते तर? १०४ ला १३ ने पूर्ण भाग जातो. ती कडी दर वेळी त्याच एका दात्यावर आदळली असती!

आणखी एक गंमत पाहा. पिन आणि बुश झिजले, तरी आतल्या कडीच्या दोन बुशांमधले अंतर तेवढेच राहते. वाढते ते बाहेरच्या कडीच्या ठिकाणचे अंतर. साखळीच्या कड्या नेहमी सम संख्येत असतात. चक्राचे दातेही सम असले, तर काही दात्यांच्या वाट्याला नेहमी आतलीच कडी येते आणि काहींच्या वाट्याला नेहमी बाहेरचीच. म्हणून एकाआड एक दाते जास्त झिजू शकतात. यासाठीच अभियंते शक्य तिथे विषम दात्यांचे चक्र पसंत करतात.

एकाच बाजूची झीज

कधी दात्यांची एकच बाजू घासून चकचकीत झालेली दिसते. याचा अर्थ पुढचे आणि मागचे चक्र एका रेषेत नाहीत. मागच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना, साखळी ताणण्याच्या जागी, रेघा कोरलेल्या असतात. डावीकडे तिसरी रेघ असेल आणि उजवीकडे चौथी, तर चाक तिरके बसले आहे.

उपाय कोणते?

रस्त्यावरची धूळ ओल्या ग्रीसला चिकटली, की पॉलिश पेपरसारखे काम करते. पावसाचे पाणी तेल धुऊन नेते आणि उघड्या सांध्यांना गंज चढतो. म्हणून साखळी ब्रशने स्वच्छ करावी, कोरडी करावी आणि चाक पूर्ण फिरवत प्रत्येक सांध्यात तेल सोडावे. समोर दिसणाऱ्या तेवढ्याच भागाला तेल दिले, तर उरलेला भाग लवकर झिजतो आणि असमान झीज तिथूनच सुरू होते.

साखळीचा ताण ती सर्वांत ताठ असेल त्या जागी तपासावा. ढिल्या जागी तपासून ओढली, तर ताठ जागी ती तारेसारखी ताणली जाते आणि बेअरिंगही खराब होतात. किती सैल ठेवायची, तो आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतो. झिजलेल्या चक्रांवर नवी साखळी घातली, तर तीही लवकर बिघडते. म्हणून साखळी आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलतात. आज वाचलेले पैसे पुढे दुप्पट जातात.

आता तुम्ही सांगा. एका गाडीच्या पुढच्या चक्राला १५ दाते, मागच्याला ४५ आणि साखळीला ११२ कड्या आहेत. साखळीतली एक गच्च कडी पुढच्या चक्राच्या किती दात्यांना त्रास देईल? आणि साखळीत दोष असेल, तर चाकाच्या किती फेऱ्यांनी ती पुन्हा ताठ होईल? उत्तर काढा आणि मग घरच्या गाडीचे दाते मोजायला बसा.