अजिंठ्याचीं चित्रें व त्यांचे नकलकार

गेल्या हिवाळ्यांत आमच्या विद्यालयाची सहल अजिंठ्यास गेली होती. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि बोधिसत्त्वाचें चित्र पाहून बाहेर आल्यावर नववींतील एक विद्यार्थी कठड्याशीं वही उघडून बसला. नीलकमळ धरलेल्या त्या बोटांचें वळण कांहीं केल्या त्याच्या पेन्सिलीस साधेना. चारदां खोडून शेवटीं त्यानें पान फाडलें आणि म्हटलें, "सर, मूळ चित्र समोर असतांना त्याची नक्कल करून काय मिळवायचें?" परतीच्या प्रवासांत मीं त्यास जें सांगितलें, तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडीत आहें.

अजिंठा हें मराठवाड्याच्या उत्तर सीमेवरील एक लहानसें गांव. भोंवतालीं खडकाळ माळ आणि उन्हाळ्यांत करपून जाणारें खुरटें रान. जवळच वाघूर नदीनें घोड्याच्या नालासारखें वळण घेतलें असून तेथील कड्यांत सुमारें ३० लेणीं कोरलेलीं आहेत. पावसाळ्यांत तेथें धबधबा कोसळतो. वैशाखांत मात्र तापलेला कातळ तेवढा उरतो. २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें आलेलें पाणी ज्यांनीं पाहिलें, त्या लातूरकरांस असा मुलूख कसा असतो हें सांगावयास नको. कांहीं लेणीं ख्रिस्तपूर्व काळांतलीं आहेत. पुष्कळशीं मात्र पांचव्या शतकांत वाकाटक राजा हरिषेण याच्या अमदानींत झालीं. सोळावें लेणें त्याचा मंत्री वराहदेव यानें करविलें. या घराण्याच्या वाशीम येथील ताम्रपटांत 'नांदिकट' असा उल्लेख येतो, आणि नांदिकट म्हणजे आपलें नांदेड असें विद्वान मानतात. तेव्हां हीं चित्रें आपणांस परकीं नव्हेत.

त्या चित्रकारांची रीत पाहण्यासारखी आहे. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा. त्यांत भाताचें तूस व गवताचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि तो सुकल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, काजळी हें सारें साधें साहित्य. निळा रंग मात्र लाजवर्दाचा, आणि तो दगड दूरच्या बदख्शानांतून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आलेला. म्हणजे या एकाकी दरींत माणसांप्रमाणें रंगांनींही प्रवास केला होता.

पुढें लेणीं विस्मृतींत गेलीं. १८१९ सालीं शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यास तीं दिसलीं. त्यानें दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलें नांव कोरलें! पाहुण्यानें कसें वागूं नये याचा तो पहिला धडा होय.

१८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल यास चित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमलें. तो अजिंठा गांवांत राहिला आणि लेण्यांतील अंधुक उजेडांत वर्षानुवर्षें तैलरंगांत चित्रें उतरवीत बसला. ज्या पारोशीं त्याचा जिव्हाळा जडला, तिची कबर अजिंठ्यास आहे. कवि ना. धों. महानोर यांचें 'अजिंठा' हें दीर्घकाव्य याच कथेवर आहे. गिलचीं चित्रें लंडनला गेलीं, क्रिस्टल पॅलेसमध्यें लोकांनीं तीं पाहिलीं, आणि १८६६ सालच्या आगींत त्यांतील बहुतेक सर्व जळालीं. गिलनें पुन्हा कुंचला हातीं घेतला. १८७९ सालीं तो वारला. त्याची कबर भुसावळ येथें आहे.

त्याच्या हयातींतच, १८७२ सालीं, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास आले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. १८८५ पर्यंत हें काम चाललें. त्याच सालीं लंडनच्या संग्रहालयांत आग लागून यांतील पुष्कळ नकला भस्म झाल्या! तरी नाद सुटला नाहीं. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस व असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद येऊन राहिले.

येथें एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. चित्रें उजळ दिसावींत म्हणून कांहीं नकलकारांनीं मूळ भिंतीवरच वार्निश फांसलें. १९२० नंतर निजाम सरकारनें बोलावलेल्या इटालियन कारागिरांनीं सुटणारा गिलावा मोठ्या कौशल्यानें पक्का केला. परंतु त्यांनीं दिलेला लाखेचा लेपही कालांतरानें पिवळा पडला. तो काढतां काढतां पुढच्या पिढ्यांच्या नाकीं नऊ आले. प्रेम असलें तरी त्यास ज्ञानाची व संयमाची जोड लागते, ती अशी.

मग नक्कल करून काय मिळालें? पहिलें हें, कीं ग्रिफिथ्स यांनीं छापलेल्या ग्रंथांत आज भिंतीवरून गळून गेलेले कांहीं भाग अजून पाहावयास मिळतात. मूळ चित्र समोर असतें, पण तें सदैव असेलच असें नाहीं. दुसरें त्याहून मोठें. ज्यानें ती रेषा गिरवली, त्याचा हात पहिला राहत नाहीं. नंदलाल बोस पुढें शांतिनिकेतनांत कलाभवनाचे आचार्य झाले, आणि आपल्या देशाच्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत त्यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं चित्रांनीं सजविली. कागद जळाले, हातांत उतरलेली विद्या जळाली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, अजिंठ्यास जाल तेव्हां भिंतीस हात लावूं नका, चित्रांवर दिव्याचा झोत टाकूं नका. एकच बोट, एकच पाकळी निवडा आणि ती साधेपर्यंत काढा. ज्या मुलानें पान फाडलें होतें, त्यानें परतल्यावर वही पुन्हा उघडली आहे. ती बोटें अजून त्यास साधलेलीं नाहींत. पण आतां तो पानें फाडीत नाहीं, त्यांवर तारीख घालून ठेवतो.